गुलाबचा थंड धूर

गुलाब ताकसांडेला दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक गरम धुराचा आणि दुसरा माणसांचा. पहिल्याचं कारण तो विचारणाऱ्याला सांगायचा आणि न विचारणाऱ्यालाही सांगायचा. दुसऱ्याचं सांगावं लागत नसे. एक बिडी ओढून संपेपर्यंत त्याच्यासमोर उभं राहिलं तरी पुरे व्हायचं.

वर्ध्याहून देवळीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून सदाशिवरावांची चुन्याची भट्टी होती. गुलाब तिथला भट्टीवान, म्हणजे तिच्या तोंडाशी उभं राहून हुकूम सोडणारा. भट्टी काही फार मोठी नव्हती. तीन पुरुष उंचीची, काळ्या दगडात बांधलेली, वरून उघडी. वरून एक थर चुनखडीच्या दगडाचा, एक थर कोळशाचा असं टाकत जायचं आणि तळाच्या दारातून भाजून निघालेला कळीचा चुना ओढून काढायचा. दगड वणीकडून मालगाडीनं वर्ध्याच्या स्टेशनात यायचा आणि तिथून बैलगाड्यांनी भट्टीवर. असल्या भट्ट्या आसपास आणखी दोन होत्या. त्यांच्या तोंडातून सदा ज्वाळा निघत आणि त्यांच्या मालकांना त्याचं भूषण वाटे. सदाशिवरावांनाही आधी वाटायचं. रस्त्यानं जाणाऱ्याला आपली भट्टी पेटलेली दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भट्टी म्हणजे जशी काही वरातीतली गॅसबत्ती.

हे खूळ गुलाबनं बंद केलं. आणि खोटं कशाला बोला, डोकं त्याचं स्वतःचंच. तो भट्टीवर आला होता दगड फोडायला. शाळेच्या ओट्यावर त्याला कोणी बसू दिलं नव्हतं. पण एवढं त्याला दिसलं की वरून जे भसाभसा निघून चाललंय ते कोळशाचंच आहे आणि कोणाच्याच कामी येत नाही. पावसाळ्यानंतरचा दगड ओला असायचा. तो तसाच आत टाकला की विस्तवात तडकायचा, त्याच्या चुऱ्यानं आत हवा कोंडायची आणि मग सगळे मिळून वणीच्या दगडाला शिव्या द्यायचे. गुलाबनं काय केलं, तर ओला दगड आत टाकायच्या आधी भट्टीच्या तोंडावर रचायला लावला. गोल, फटी ठेवून, एकावर एक, वर निमुळता. निघणारा धूर त्या फटींतून वाट काढत जायचा आणि जाता जाता दगड तापवायचा. दुसऱ्या दिवशी तोच तापलेला कोरडा दगड पहारीनं आत लोटायचा आणि वर नवा ओला रचायचा. ह्या रचलेल्या दगडांना तो भट्टीचं मुंडासं म्हणायचा. मुंडासं बांधल्यापासून जिथं पाच टोपल्या कोळसा लागे तिथं तीन पुरू लागल्या.

"धूर निघाला पाह्यजे तो थंड," तो गाडीवानांना धरून धरून सांगायचा. "थंड म्हंजे त्याच्यातली सारी ऊब दगडानं पिऊन घेतली. गरम धूर निघून राह्यला का समजा, आभायाले आंघोयीचं पाणी तापवून देऊन राह्यले."

शेवटचं वाक्य शेजारच्या भट्टीवरच्या रूपरावसाठी असे. रूपराव तिथला भट्टीवान. जाडा, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या भट्टीतून ज्वाळा निघत, एवढाच त्याचा गुन्हा. पण गुलाबनं त्याला त्यावरून दहा वर्षं सोलून काढला. आठवडी बाजारात तो दिसला की हा लांबूनच ओरडायचा, "काय रूपरावजी, झाली का इंद्राची आंघोय?" रूपराव हसल्यासारखं करायचा आणि वांग्याच्या ढिगाकडे वळायचा.

आता धूर थंड की गरम हे पाहायचं यंत्र कोणतं, तर गुलाबचा उजवा हात. सकाळी, दुपारी आणि दिवस मावळताना तो मुंडाशाच्या शेंड्यावर हात धरायचा आणि वीसपर्यंत मोजायचा. वीस होईतो हात टिकला तर धूर थंड आणि विस्तव खाली आपल्या जागी. मग तळाचं दार बंद ठेवायचं आणि वाट पाहायची. वीसच्या आत हात मागं घ्यावा लागला तर विस्तव वर चढतोय. मग तळाचं दार उघडायचं, चुना काढायचा, आतलं सगळं खाली सरकू द्यायचं आणि वर ओला दगड चढवायचा. एवढंच शास्त्र. पण ह्या एवढ्या शास्त्रावर गुलाबची भाकर होती आणि भाकरीहून मोठी गोष्ट म्हणजे त्याचा शब्द होता. बोरगावच्या वस्तीतल्या माणसाच्या शब्दावर सदाशिवरावांसारखा मालक हलतो, असं आधी कधी घडलं नव्हतं. "गुलाब म्हणेल तसं," असं सदाशिवराव चारचौघांत म्हणत. ते चार शब्दही नसलेलं वाक्य ऐकायला गुलाब अंगात ताप असताना कामावर यायचा.

सदाशिवरावांनी एकदा खूश होऊन त्याला आपला जुना काळा लोकरी कोट दिला. देणाऱ्याला देताना काही वाटलं नाही आणि घेणाऱ्याला घालताना वाटलं नाही. वर्ध्याच्या वैशाखात सावलीतला माणूससुद्धा अंगातला सदरा काढून ठेवतो, तिथं भट्टीच्या तोंडाशी हा लोकरी कोट घालून उभा. तिकडे सदाशिवराव पाहुण्यांना सांगत की मुंडाशाची युक्ती आपण सुचवली, गुलाब फक्त दगड रचतो. दोघंही आपापल्या जागी सुखात होते.

सुखात नव्हती ती त्याची बायको जिजाबाई. तीही त्याच भट्टीवर होती. डोक्यावरून दगड चढवायचा आणि मुंडासं रचायचं, हे तिचं काम. म्हणजे दिवसभर भट्टीवर त्याचं ऐकायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तेच. चुलीतला जाळ भांड्याच्या बाहेर आला की गुलाब म्हणायचा, "काऊन, रूपराव येऊन राह्यला का जेवाले?" त्यानं सगळं जग धुरावर मोजलं होतं. जास्त बोलणाऱ्या मास्तराचा धूर गरम. वस्तीत भाषण करायला आलेल्या मेंबराचा धूर गरम. त्यांची एकुलती एक मुलगी कमला हिंगणघाटला दिली होती, तिच्या नवऱ्याचा तर सासऱ्याला रामराम घालायच्या आधीपासूनच गरम. जिजाबाई उत्तर देत नसे. ह्या माणसाशी वाद घातला की तो पेटतो आणि गप्प राहिलं की आपोआप विझतो, हे तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. तिचं त्याच्याबद्दलचं मत तिच्याजवळ होतं आणि ते फारसं चांगलं नव्हतं.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. भट्टीच्या काठावर गुलाबची आंघोळीची घागर ठेवलेली असायची, फुकटच्या उबेवर कोमट होत. त्या दिवशी विस्तव थोडा वर आला होता आणि घागर चांगलीच तापली होती. गुलाबनं ती उजव्या हातानं गळ्याला धरून उचलली, चार पावलं चालला आणि खाली ठेवली. जिजाबाई मागून सरकवायला गेली आणि तिचं बोट चरकन भाजलं. तिनं बोट तोंडात घातलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो रूपरावच्या भट्टीकडे बघत काहीतरी पुटपुटत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या तळव्यावर रुपयाएवढा फोड होता.

"हे कायनं झालं?" तिनं विचारलं.

"पहारीनं. तुले काय करा लागते?"

जिजाबाईला त्याच्या कोटाच्या बाहीखालचा चट्टा माहीत होता. मनगटापासून कोपरापर्यंत फिकट, तुकतुकीत, केस गेलेला. दोन पावसाळ्यांपासून ती तो पाहत होती आणि शिबं असतील म्हणून मनाची समजूत घालत होती. आता ती समजूत टिकेना. वर्धा जिल्ह्यातल्या बाईला असल्या चट्ट्याचं नाव कोणी सांगावं लागत नाही. आणि ते नाव तोंडातून काढलं की काय होतं तेही तिनं पाहिलं होतं. शेजारी पाणी वेगळं करतात. लेकीला सासरचे परत आणून सोडतात. मालक दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणतो. ती घाबरली, आणि घाबरलेलं कोणाला सांगायची तिला सोय नव्हती. नवऱ्याला सांगावं तर त्यानं तिलाच वेडी ठरवली असती.

मग तिनं तिच्यापुरता मार्ग काढला. दुपारी गुलाब भाकर खाऊन लिंबाखाली कोट डोक्यावर घेऊन आडवा झाला की ती मुंडाशावर स्वतःचा हात धरायची. वीस मोजून झाले तर ठीक. नाही झाले तर तळाशी काम करणाऱ्या शकुबाईला खूण करायची, शकुबाई दार उघडून चुना काढायची, ही वर ओला दगड चढवायची आणि गुलाब उठायच्या आत सगळं पहिल्यासारखं. शकुबाई देवळीकडची, गरीब, एकटी. तिला जो सांगेल त्याला ती "बरं वो" म्हणायची, त्यामुळे तिला कारण सांगावं लागलं नाही.

अख्खा हंगाम भट्टी जिजाबाईच्या हातावर चालली. चुना लोण्यासारखा विरत होता आणि कोळसा तीन टोपल्यांवर ठरलेला. गुलाबचा ताठा मात्र भलताच वाढला. आधी तो वीसवर थांबायचा, आता मुद्दाम पन्नासपर्यंत मोजायचा.

"पाहा! पन्नास झाले. असा थंड धूर अख्ख्या जिल्ह्यात कोणाचा हाये का, दाखवा."

कोणी दाखवणार? सगळे मान डोलवत. जिजाबाई खाली बघून दगड रचत राही. तिला त्याचा संताप यायचा, कीव यायची, आणि कधी कधी त्याच्या त्या उचललेल्या हाताकडे पाहून रडूही यायचं. पण रडायला भट्टीवर जागा कुठं!

छप्पनच्या उन्हाळ्यात वस्तीत भैय्याजी नावाचा एक कार्यकर्ता आला. खादीचे कपडे, खांद्याला पिशवी, पिशवीत कोंबडीचं पीस. तो एकेकाला बसवायचा, डोळे मिटायला सांगायचा आणि अंगाला पीस लावायचा. लागलं की माणसानं बोट ठेवून जागा दाखवायची. जिथं लागत नाही तिथं महारोग शिरलेला. लवकर सापडला तर आता गोळ्या निघाल्या आहेत, हात शाबूत राहतात, असं तो शांतपणे सांगायचा. ते ऐकून जिजाबाई पुढं झाली.

"बसा ना तुमीबी," ती गुलाबला म्हणाली. "साऱ्यांनच दाखवलं."

गुलाबला असली संधी रोज मिळत नव्हती. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय गा, इतकं शिकलास आन् कोंबडीचं पीस घेऊन फिरून राह्यला? आमच्या इथं कोंबडी खाल्ल्यावर पीस फेकून देतात बाप्पा." वस्ती हसली. हसणारे हसतात म्हणून तो आणखी चढला. "आन् डोये काऊन मिटाचे? डोये मिटले का लोक खिसा कापतात. जिजे, तूच बस. तुले तसंबी काही लागत नाई, पंचवीस वर्सं बोलून राह्यलो."

भैय्याजीनं पीस पिशवीत ठेवलं. जाताना त्यानं कोटाच्या बाहीकडे एकदा पाहिलं आणि मग जिजाबाईकडे. ती नजर चुकवून घरात गेली.

पोळा झाला, पावसाळा सरला, भट्टी पुन्हा पेटली. आणि ऑक्टोबरात वस्तीत एकच गडबड उडाली. दसऱ्याला नागपूरला दीक्षा. घराघरात पांढरी लुगडी धुतली जात होती, ज्याच्याकडे नव्हतं त्यानं मागून आणलं होतं. म्हातारी माणसं आठ दिवस आधीच गाठोडी बांधून बसली होती. ह्या एका गोष्टीवर गुलाबनं तोंड टाकलं नाही. पण जायचं म्हटल्यावर तो म्हणाला, "मी गेलो तं भट्टी कोन पाहीन? रूपराव? मी मांगाहून घेईन दीक्षा. तू जाय."

जिजाबाईला तीन दिवस झोप लागली नाही. ती गेली तर मुंडाशावर हात कोण ठेवणार? भट्टी बिघडली की गुलाबचा शब्द गेला, आणि शब्द गेला की लोक त्याच्या हाताकडे बघणार. राहणं सोपं होतं. जन्मभर ती राहतच आली होती, दुसऱ्याच्या विस्तवाला टेकू देत. पण ह्या वेळी तिचं मन ऐकेना. तिच्या आईनं आयुष्यभर विहिरीपासून लांब उभं राहून पाण्याची वाट पाहिली होती. तिच्या नावानं तरी आपण जायचंच, असं तिनं ठरवलं आणि निघण्याच्या सकाळी शकुबाईला बाजूला घेतलं.

"ते जेवाले गेले का मुंडाशावर हात ठेवजो. वीस मोजता नाई आले तं दार उघडजो. कोनाले सांगू नको."

"बरं वो," शकुबाई म्हणाली.

आणि पहिल्या दिवशी तिनं इमानदारीनं तसं केलं. पण वस्तीतले जवळजवळ सगळे गेलेले, हाताखाली माणसं थोडी, म्हणून गुलाब त्या दुपारी लिंबाखाली आडवा झालाच नाही. तळाचं दार उघडं पाहून तो असा भडकला की रस्त्यावरचे बैल बुजले.

"भट्टी थंडी पडून राह्यली आन् तू चुना काढते? कोनाच्या हुकमानं?"

"तुमच्याच," शकुबाई घाबरून म्हणाली. आणि तो दार बंद ठेव म्हणाला, त्यालाही "बरं वो" म्हणून मोकळी झाली.

गुलाबनं दार माती लिंपून बंद केलं. मुंडाशावर हात ठेवला. थंड. संध्याकाळी ठेवला. थंडच. अवेळी चुना काढल्यानं विस्तव खाली मरून राह्यला, असं त्यानं ठरवलं आणि कोळसा वाढवला. तीनच्या चार टोपल्या झाल्या, चारच्या सहा. त्याचा हात म्हणेल ते खरं. दगड पांढरे पडले, वरच्या फटींमधून हवा लवलवायला लागली, पण उन्हात ज्वाळा दिसत नाही आणि दिसली असती तरी त्यानं डोळ्यांवर विश्वास ठेवला नसता. तिसऱ्या दिवशी रूपराव रस्त्यानं चालला होता, तो थांबला.

"गुलाब, लेका, तुह्या भट्टीची झय रस्त्यापर्यंत येऊन राह्यली."

"तुले थंड धूर कवा ठाऊक होता का? जाय, तुह्या इंद्राले पाणी दे."

रूपराव गेला. चौथ्या दिवशी कशीतरी दोन गाड्या कळी काढून गुलाबनं एका शाळेच्या बांधकामावर पाठवली. सहाव्या दिवशी त्या दोन्ही गाड्या जशाच्या तशा परत आल्या. चुना जळून गेला होता. पिवळट, कडक, लोखंडासारखा. हौदात पाणी ओतलं तर खडे तसेच पडून राहिले, ना फसफस ना वाफ. असला चुना गिलाव्यात गेला तर महिन्याभरानं भिंतीतून फुटाण्यांसारखा उडतो, असं तिथल्या मिस्त्रीनं निरोपात सांगितलं होतं, आणखीही काही सांगितलं होतं.

जिजाबाई नागपूरहून त्याच दुपारी परतली. पांढरं लुगडं, डोळे जागरणानं लाल, पण चेहरा असा की वस्तीतल्या बायकाही तिच्याकडे वळून बघत होत्या. रस्त्यावरूनच तिला भट्टीवर थरथरणारी हवा दिसली. ती घरी न जाता तशीच तिकडे वळली.

भट्टीच्या पायथ्याशी सदाशिवराव उभे होते. गेली दहा वर्षं "गुलाब म्हणेल तसं" म्हणणारा हा माणूस आता "मी पहिल्यापासून सांगत होतो" म्हणत होता. काय सांगत होते ते कोणी विचारलं नाही. त्यांनी शेजारून रूपरावला बोलावून आणलं होतं आणि रूपराव अवघडून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"रूपराव म्हणतो विस्तव तोंडाशी आलाय," सदाशिवराव म्हणाले.

गुलाब हसला. असं हसायला त्याला फार आवडायचं. "मालक, माप काय हाये ते साऱ्यांले ठाऊक हाये. वीसच्या आत हात मांगं घेतला, तं आजपासून मुंडासं रूपरावनं बांधाचं. मोज रूपराव, तूच मोज."

आणि तो चढण चढून वर गेला, कोटाची बटणं लावली आणि मुंडाशाच्या शेंड्यावर उजवा हात पसरला.

रूपराव खालून मोजू लागला. दहा झाले. वीस झाले. गुलाबचा चेहरा फुलला. "थंड!" तो ओरडला. "बरफ!" तीस झाले. सदाशिवराव गोंधळून रूपरावकडे पाहू लागले. पस्तीसला रूपरावचा आवाज अडखळला, कारण कोटाच्या बाहीतून धूर निघत होता. लोकर जळल्याचा वास खालपर्यंत आला. गुलाबला वाटलं लोक चकित होऊन पाहताहेत. त्यानं हात आणखी खाली नेला.

"मोज ना! काऊन थांबला?"

जिजाबाई कधी वर पोचली ते कोणी पाहिलं नाही. तिनं दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं, बाही आपल्या पांढऱ्या पदरात दाबून विझवली आणि मग सगळ्यांच्या देखत स्वतःचा हात मुंडाशावर धरला. एक. दोन. तिसऱ्याला तो हात आपोआप मागं आला आणि ती कळवळली.

"शकुबाई," ती वरून म्हणाली, "दार उघड. सारं."

सदाशिवरावांनी गुलाबकडे पाहिलं. मग वर जिजाबाईकडे पाहिलं. आणि त्यांना एकच गोष्ट नेहमी जमत आली होती, ती त्यांनी आताही केली, जिकडे फायदा तिकडे तोंड.

"बाई, आता काय करायचं ते तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

दहा वर्षांत त्यांनी गुलाबला कधी अहोजाहो केलं नव्हतं. रूपरावनं हसायला हरकत नव्हती, त्याचा तो हक्क होता. पण त्यानं डोक्याचं फडकं सोडलं, पाण्यात भिजवलं आणि गुलाबच्या हाताला गुंडाळलं. तळव्याचं कातडं सुटून आलं होतं. गुलाब ते दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं बघत होता.

पण म्हणून तो खचला असं समजायचं कारण नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला उत्तर सापडलं होतं. "भट्टीवानाचं कातडं हाये," तो आल्यागेल्याला सांगू लागला. "मुरलं. तुमच्यासारखं बायकी नाई." जिजाबाई भट्टीवर जायची, मुंडाशावर हात ठेवायची, चुना पुन्हा विरायला लागला होता. तो घरी बसून तिच्या चुलीला नावं ठेवायचा. आठ दिवस तिनं ऐकलं. नवव्या दिवशी तिनं भाकरीची परात बाजूला सारली.

"मागचा सारा हंगाम भट्टी माह्या हातावर चालली," ती म्हणाली. "तुमी लिंबाखाली झोपत होते तवा. तुमच्या हाताले काई समजतच नाई."

"खोटं."

"मंग भैय्याजीले बोलावते. डोये मिटून बसा त्याच्यापुढं. खोटं निघालं तं जनमभर तुमचं ऐकून घेईन."

"तसंबी घेतेच," गुलाब म्हणाला. पण बायकोला खोटी पाडायची ही संधी त्याच्यानं सोडवेना. तो तयार झाला.

भैय्याजी आला. जिजाबाईनं दाराला कडी लावली. गुलाब कोट काढून, उजवा हात मांडीवर ठेवून ताठ बसला. त्यानं डोळे मिटले आणि डाव्या हाताचं बोट जागा दाखवायला वर धरलं.

पीस मानेला लागलं. "हे," त्यानं दाखवलं. पायाला लागलं. "हे. ह्याच्यासाठी शिकलास का बाप्पा?"

मग थोडा वेळ काहीच झालं नाही. गुलाब वाट पाहत होता. ओठांवर तेच जुनं हसू होतं.

"लाव ना. भेलास का? किती वेळ डोये मिटून बसू?"

त्यानं मिटल्या डोळ्यांनीच मान बायकोकडे वळवली.

"पाह्य जिजे, हा तुहा डाक्टर. साधं पीस लावता येत नाई. ह्याचाबी धूर गरमच."

भैय्याजीनं पीस खाली ठेवलं होतं. जिजाबाई नवऱ्याजवळ येऊन बसली.

"लावून झालं, अवो," ती म्हणाली. "तीनदा."

गुलाबचं बोट तसंच वर राहिलं. डोळे त्यानं उघडले नाहीत.